बेने इस्रायल, रुपेरी पडदा आणि धर्मादाय

एखाद्या समाजाने वर्षातून एकदा एकत्र यावे, आपल्या लोकांच्या जीवनावरील चार चित्रपट पाहावेत आणि तिकिटांच्या उत्पन्नातून गावातील वृद्धांची, निराधारांची, आजाऱ्यांची काही सोय करावी, ही कल्पना ऐकायला साधी वाटते. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे १९८० साली ज्यू चित्रपटांचा महोत्सव सुरू झाला. या प्रकारचा तो पहिला मानला जातो. पुढे जगातील अनेक शहरांतील ज्यू समाजांनी त्याचे अनुकरण केले, आणि काही ठिकाणी त्याला स्थानिक सेवाकार्याची जोड मिळाली. आता या गोष्टीचे हैदराबादेतील मराठी वाचकाला काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ज्यूंपैकी एक शाखा आपल्याइतकीच मराठी आहे, हिंदी बोलपटाच्या जन्मात तिचा हात आहे, आणि परक्या मुलखात वस्ती करून राहिलेल्या समाजाने दानधर्म कसा करावा याचा तिचा अनुभव आपल्याला फार जवळचा आहे.

कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या रायगडातील, बेने इस्रायल समाजाची परंपरागत कथा सर्वश्रुत आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, असे ते सांगतात. ही घटना नेमकी कोणत्या शतकातली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. समाज तेलघाण्याचा धंदा करी आणि शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून कोकणात त्याला ‘शनवार तेली’ हे नाव पडले. गावांवरून आडनावे पडली: चेऊलकर, पेणकर, किहीमकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर. घरची भाषा मराठी झाली. १८७४ साली पुण्यात छापलेल्या ‘हगादा’ या पेसाह सणाच्या पोथीत हिब्रू मजकुराबरोबर मराठी भाषांतर आहे, आणि तिच्यातील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया आपल्याकडील पोशाखात दिसतात. ज्या मुलखात आलो त्या मुलखाची भाषा देवघरापर्यंत नेणारा हा समाज होता, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

ज्यू धर्मात दानासाठी ‘त्सेदाका’ हा शब्द आहे. त्याचे मूळ ‘न्याय’ या अर्थाच्या शब्दात आहे. त्यामुळे दान म्हणजे दात्याची कृपा नव्हे, ते त्याचे देणे आहे, असा त्यातला भाव. बाराव्या शतकातील पंडित मायमोनिडीज याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. पैकी सर्वांत वरची पायरी अशी की, गरजूला काम, कर्ज किंवा भागीदारी देऊन असे उभे करावे की त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये.

या शिकवणीचा आविष्कार मुंबईत कसा झाला हे पाहू. कंपनी सरकारच्या सैन्यातील अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर याने १७९६ साली मुंबईत बेने इस्रायलांचे पहिले सिनेगॉग बांधले. मशीद बंदराजवळील सॅम्युएल स्ट्रीट त्याचीच आठवण सांगतो. पुढच्या शतकात हाईम सॅम्युएल किहीमकर या कळकळीच्या कार्यकर्त्याने १८७५ साली समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. समाज कारकून, शिपाई, सुतार, परिचारिका अशा मध्यम व कनिष्ठ पेशांतला होता. शाळेचा खर्च भागवण्यासाठी किहीमकरांना बगदादी ज्यू धनिकांकडे आणि लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनकडे मदत मागावी लागली. याच शाळेला पुढे कदूरी घराण्याच्या देणगीमुळे सर एली कदूरी यांचे नाव मिळाले आणि माझगावात ती आजही उभी आहे. किहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ च्या सुमारास इंग्रजीत लिहून पुरा केला, पण तो छापून निघाला १९३७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीन दशकांनी, तोही तेल अवीवमध्ये.

बगदादी ज्यूंची ऐपत मोठी, म्हणून त्यांच्या देणग्याही मोठ्या. पुण्याचे ससून रुग्णालय, मुंबईचे डेव्हिड ससून ग्रंथालय ही नावे मराठी माणसाच्या तोंडी इतकी रुळली आहेत की ती एका ज्यू घराण्याची आहेत हेही विसरायला होते. बेने इस्रायलांकडे गिरण्या नव्हत्या, पण माणसे होती. डॉ. जेरुशा झिराड यांनी लंडनला स्त्रीरोगशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले आणि १९२८ ते १९४७ मुंबईच्या कामा रुग्णालयाचे प्रमुखपद सांभाळले. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. त्यांच्या नावाचा रस्ता वरळीकडे जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता रंगभूमीकडे आणि पडद्याकडे वळू. आपल्या हरिदासांची कीर्तने ऐकून बेने इस्रायलांनी १८८० च्या सुमारास स्वतःची मराठी कीर्तने रचली. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, अभंग हा सारा थाट आपला, आणि आख्याने अब्राहाम, योसेफ, मोशे यांची. ज्यांना हिब्रू कळत नसे त्यांच्यापर्यंत, विशेषतः स्त्रियांपर्यंत, धर्मकथा पोहोचवण्याचा तो मार्ग होता. त्यामुळे लोकांना एकत्र बसवून गोष्ट सांगावी, त्यांची करमणूक व्हावी आणि त्यातून समाजाचे काही काम व्हावे, ही कल्पना चित्रपटांच्या कितीतरी आधीपासून या समाजाला परिचित होती.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ झळकला आणि भारतीय चित्रपट बोलू लागला. आर्देशीर इराणी यांचे नाव सर्वांना माहीत असते, नायक मास्टर विठ्ठल हे मराठी होते हेही काहींना माहीत असते. पण ज्या नाटकावरून हा चित्रपट घेतला त्याचे लेखक जोसेफ डेव्हिड पेणकर होते, आणि ते बेने इस्रायल होते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. पारशी रंगभूमीसाठी त्यांनी अनेक नाटके लिहिली. म्हणजे भारतीय पडद्यावर जे पहिले शब्द उच्चारले गेले त्यांच्यामागे पेणच्या बाजूचा एक शनवार तेली उभा होता. दुर्दैवाने या चित्रपटाची एकही प्रत आज शिल्लक नाही.

मूकपटांच्या काळात कुलीन हिंदू व मुसलमान घरांतील स्त्रिया कॅमेऱ्यापुढे येत नसत. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’त तारामतीचे काम साळुंके नावाच्या तरुणाने केले. ‘मोहिनी भस्मासुरा’त दुर्गाबाई कामत व कमलाबाई या मायलेकी आल्या, पण तो अपवाद ठरला. ही पोकळी ज्यू आणि अँग्लो-इंडियन तरुणींनी भरून काढली. पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स टेलिफोन खात्यात काम करीत होत्या. मोहन भवनानींनी त्यांना पडद्यावर आणले आणि त्या ‘सुलोचना’ झाल्या. मराठी वाचकांनी ‘सुलोचनादीदीं’शी, म्हणजे सुलोचना लाटकरांशी, त्यांची गल्लत करू नये. ‘टेलिफोन गर्ल’, ‘टायपिस्ट गर्ल’, ‘अनारकली’, ‘इंदिरा बी. ए.’ अशा चित्रपटांनी त्या इतक्या लोकप्रिय झाल्या की त्यांचा पगार मुंबईच्या गव्हर्नरापेक्षा जास्त आहे असे लोक बोलत. बोलपट आल्यावर मात्र हिंदुस्थानी भाषा नीट येत नाही म्हणून अडचण झाली. तेव्हा त्यांनी काम थांबवले, भाषा शिकून घेतली, आणि ‘माधुरी’, ‘अनारकली’ या आपल्याच मूकपटांच्या बोलत्या आवृत्त्यांत पुन्हा नायिका म्हणून त्या उभ्या राहिल्या. १९५३ च्या ‘अनारकली’त त्यांनी सलीमच्या आईची भूमिका केली. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला.

कलकत्त्याच्या एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम ‘प्रमिला’ या नावाने पडद्यावर आल्या, १९४७ साली पहिल्या ‘मिस इंडिया’ ठरल्या आणि निर्मात्याही झाल्या. ‘खजांची’तील रमोला मूळच्या रेचल कोहेन. ‘श्री ४२०’ मधील नादिरा याही ज्यू. मात्र या सर्वांत मराठी प्रेक्षकाला आपला वाटावा असा कलावंत म्हणजे डेव्हिड. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. कायद्याचे पदवीधर, भारोत्तोलनाच्या क्रीडासंघटनेतील अग्रणी, चित्रपटसृष्टीतील समारंभांचे हसतमुख सूत्रधार. १९६९ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि आयुष्याची अखेर कॅनडात झाली. १९५४ च्या ‘बूट पॉलिश’मध्ये त्यांनी जॉन चाचा साकारला. आईबापाविना पोरक्या झालेल्या भोला आणि बेलू या भावंडांना त्यांची काकू भीक मागायला लावते, आणि झोपडपट्टीत गावठी दारू विकणारा हा चाचा त्यांना सांगतो की, उपाशी राहा पण हात पसरू नका, कष्ट करा. डेव्हिड यांना या भूमिकेसाठी फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. मायमोनिडीजची सर्वांत वरची पायरी ती हीच. पटकथेत ती कोणी ज्यू धर्मग्रंथातून आणली नव्हती. परंतु ती वाक्ये एका चेऊलकराच्या तोंडून ऐकताना हा योग मनात येतो खरा.

करमणुकीतून धर्मादाय करण्याची आपली मराठी परंपराही जुनी आहे. ‘अमुक संस्थेच्या मदतीसाठी नाटक’ ही जाहिरात आपल्या आजोबांच्या पिढीने कितीदा वाचली असेल. तिचा उच्चांक म्हणजे ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर, एरवी परस्परांच्या स्पर्धक असलेल्या दोन मंडळ्या एका रंगमंचावर, आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. त्यानंतर तीनच महिन्यांनी केशवराव निवर्तले. चित्रपट आल्यावर हाच प्रघात चित्रपटगृहांत गेला. सकाळच्या खेळासाठी चित्रपटगृह सवलतीत घ्यायचे, वितरकाकडून प्रत भाड्याने आणायची, ओळखीच्या घरी जाऊन वाढीव दराची तिकिटे खपवायची आणि स्मरणिकेला जाहिराती मिळवायच्या.

जिल्हा पातळीवर ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना करमणूक कराच्या माफीचे अर्ज आठवत असतील. हा कर मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने आला, आणि आपल्याकडे आंध्र प्रदेशात मद्रास इलाख्याचा १९३९ चा कायदा पुढे चालू राहिला. या कायद्यांमागचे तत्त्व मोठे मार्मिक होते. खेळाचे सगळेच्या सगळे उत्पन्न धर्मादाय कार्याला जात असेल, त्यातून खर्च वजा होत नसेल, तर कर पूर्ण माफ व्हावा, असे ते तत्त्व. त्यामुळे ‘खर्च जाऊन उरले ते दिले’ म्हणणाऱ्या आणि ‘आले ते सगळे दिले’ म्हणणाऱ्या संस्थांत सरकार फरक करी. ज्यांना दुसऱ्या प्रकारात बसायचे असे त्यांना सभागृहाचे भाडे, प्रतीचे भाडे, छपाई यांचा भार उचलणारा निराळा दाता आधीच शोधावा लागे. अशा अर्जांसोबतचे हिशेब चाळताना एक गोष्ट ध्यानात येई. उत्पन्नाचा मोठा भाग खिडकीवरच्या तिकिटांतून क्वचितच येत असे. तो येई स्मरणिकेच्या जाहिरातींतून आणि घरोघर फिरणाऱ्या दहापंधरा चिवट माणसांच्या पायपिटीतून. २०१७ साली राज्याचा करमणूक कर वस्तू व सेवा करात विलीन झाला आणि ते अर्जही संपले. पायपीट मात्र कोणत्याही कायद्याने संपत नाही, आणि ती करणारी माणसे आटली की संस्थाही आटते.

बेने इस्रायलांच्या वाट्याला हे आटणे फार मोठ्या प्रमाणावर आले. इस्रायलच्या स्थापनेच्या वेळी, १९४८ साली, भारतात त्यांची संख्या सुमारे वीस हजार होती. पुढील काही दशकांत त्यांतील बहुतेक इस्रायलला गेले. तिथे त्यांच्या ज्यूपणावरच काही धर्मगुरूंनी शंका घेतली. तिच्याविरुद्ध या समाजाने दीर्घ आंदोलन केले, आणि १९६४ साली तेथील सरकारने त्यांना इतर ज्यूंच्या बरोबरीचे मानले. गंमत अशी की, भारतात ज्यू म्हणून ओळखले गेलेले हे लोक तिथे ‘भारतीय’ ठरले, आणि त्यांनी तिथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले. भारतात आज सर्व प्रकारचे ज्यू मिळून काही हजारच उरले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली त्यांना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला. पुढल्याच वर्षी, २०१७ साली, ऑस्ट्रेलियातील डॅनी बेन-मोशे यांचा ‘शालोम बॉलिवूड’ हा माहितीपट आला आणि सुलोचना, प्रमिला, नादिरा, डेव्हिड यांची कथा जगभरच्या ज्यू चित्रपट महोत्सवांतील प्रेक्षकांपुढे गेली.

समाज गेला, मग त्याच्या दानाचे काय झाले? माझगावच्या कदूरी शाळेत आज शिकणारी मुले बहुसंख्येने आजूबाजूच्या मुसलमान वस्तीतील आहेत. ज्या समाजासाठी किहीमकरांनी दारोदार हिंडून पैसे जमवले त्याची मुले तिथे आता जवळजवळ नाहीत. तरीही घंटा वाजते, वर्ग भरतात. ससून रुग्णालयाच्या दारात कोणी कोणाचा धर्म विचारीत नाही. समाज आपल्या माणसांसाठी संस्था काढतो. पण ती टिकायची असेल तर शेजाऱ्याची व्हावी लागते.

हे वाक्य लिहिताना आपल्या नारायणगुड्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. नोव्हेंबर १९२१ मध्ये, म्हणजे ‘संयुक्त मानापमान’नंतर चारच महिन्यांनी, हैदराबादेत विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात निजाम राज्याची सामाजिक परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी महर्षी कर्वे होते. उर्दू, मराठी, इंग्रजी भाषणे श्रोत्यांनी शांतपणे ऐकली. आलंपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले तेव्हा मात्र सभेत हुर्यो झाली, आणि त्यांना भाषण करता आले नाही. ज्या राज्यात तेलुगू बोलणारे सर्वांत जास्त, त्याच्या राजधानीत, एका मराठी संस्थेच्या छपराखाली हे घडले. दुखावलेल्या तेलुगू तरुणांनी त्याच रात्री आंध्र जनसंघाची स्थापना केली. तेलंगणातील भाषिक जागृतीचा इतिहास तिथून सुरू होतो. त्या चळवळीचे धुरीण माडपाटी हनुमंतराव यांनी १९२८ साली तेलुगू माध्यमाची मुलींची शाळा उभी केली. त्यांच्या नावाची ती शाळा नारायणगुड्यातच आहे. न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ १९४० साली उभी राहिलेली केशव मेमोरियल शाळाही याच वस्तीत आहे. एक शाळा अपमानाच्या आठवणीतून जन्मलेल्या चळवळीची, दुसरी एका मराठी गृहस्थाच्या स्मृतीची. आज दोन्हींकडे जाणारी मुले याच शेजारातली, बहुतेक तेलुगू बोलणारी. कोरटकरांसारख्यांनी लावलेली झाडे आपल्या अंगणाबाहेर फळली, याचे आपल्याला वैषम्य वाटू नये. किहीमकरांनाही ते वाटले नसते.

‘आलम आरा’त एक छोटीशी भूमिका करणारा आंध्रातील एक तरुण होता. तोच पुढे दिग्दर्शक व निर्माता म्हणून नावारूपाला आलेला एल. व्ही. प्रसाद. त्यांच्या कुटुंबाने दिलेल्या जमिनीवर आणि एक कोटी रुपयांच्या देणगीतून १९८७ साली आपल्या शहरात त्यांच्या नावाची नेत्रसंस्था सुरू झाली, आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यावर तिथे विनामूल्य उपचार होतात. पेणकरांनी लिहिलेल्या कथेत पाय टाकलेल्या एका नटाच्या घरचा पैसा हैदराबादेतील गरिबांच्या डोळ्यांसाठी यावा, हा योगायोगच. पण पडदा आणि धर्मादाय यांचे नाते शोधायला आपल्याला सॅन फ्रान्सिस्कोला जावे लागत नाही, एवढे त्यावरून दिसते.

१९५६ साली राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपली अनेक घरे इथेच राहिली. पुढे २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले. आपली संख्या घटते आहे, मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशी जात आहेत, संस्थांच्या सभांना तेच ते चेहरे दिसतात. अशा वेळी आपल्या संस्थांनी वर्षातून एक दिवस असा खेळ ठेवायला हरकत नाही. ‘बूट पॉलिश’ने आरंभ करावा, जोडीला बेने इस्रायलांवरचा एखादा माहितीपट असावा, प्रास्ताविक मराठीत आणि तेलुगूतही व्हावे. स्मरणिकेच्या जाहिराती आपण गोळा कराव्यात, खर्च दोनचार सधन घरांनी आधीच उचलावा, आणि आले ते सगळे उत्पन्न याच वस्तीतील एखाद्या शाळेच्या फीसाठी किंवा दवाखान्याच्या औषधांसाठी द्यावे, ती शाळा मराठी आहे की तेलुगू हे न पाहता. १९२१ साली ज्या भाषेला आपल्या सभागृहात बोलू दिले गेले नाही, तिच्यासाठी त्या दिवशी पहिल्या रांगेत जागा राखून ठेवावी.